मागच्याचा विसावा

पंचेचाळीस वर्षे कीर्तनाची सेवा केली. आळंदीस जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे शिकलो, पुढे गावोगावच्या सप्ताहांत उभा राहिलो. तीन वर्षांपूर्वी गुडघे आणि आवाज दोन्ही एकदमच थकले, तेव्हा माउलींच्या समाधीपुढे डोके ठेवून थांबलो. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांना पुष्कळ सांगितले. स्वतःला ऐकवायचे राहून गेले होते, ते गेल्या कार्तिकात माझ्या लेकीने ऐकवले. तेही तिच्या मनात नसताना. तिने सांगितली ती नवराबायकोच्या एका डोंगरातल्या सहलीची हकिकत. वाचक माउली म्हणतील, सायकलीच्या सहलीचे आणि आपल्या वाटेचे काय नाते? मीही प्रथम हेच म्हटले होते, आणि जरा रागानेच म्हटले होते.

माझी धाकटी मुलगी आणि जावईबापू बरीच वर्षे कॅनडात कॅल्गरी या शहरी असतात. आषाढी एकादशीला पहाटे तिचा फोन चुकत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, एकादशी ६ जुलैला होती. त्याआधी चारपाच दिवस तिचा फोन आला. म्हणाली, "अण्णा, यंदा एकादशीला फोन लागणार नाही. आम्ही दोघं सायकलीवरून डोंगरात चाललोय. त्या वाटेवर फोनला रेंज नसते."

माझ्या तोंडून गेले, "सगळा महाराष्ट्र पंढरीकडे तोंड करून चाललाय, आणि तुम्ही डोंगरात सायकली फिरवा." आणि फोन ठेवला. आमच्या घरातून एवढेच म्हणाली, "लेकीला वाटेला लागताना नीट निरोप तरी द्यायचा होता." मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर राग लेकीचा नव्हता. स्वतःचे पाय चालत नाहीत, पालखी निघाली की टीव्हीपुढे बसून हात जोडायचे, याचा तो राग होता. तो निघाला तिच्यावर.

दिवाळीला दोघे घरी आली आणि कार्तिकी एकादशी करूनच परत गेली. संध्याकाळी हरिपाठ झाला की ओसरीवर बसायचे. आमची मंडळी सुपात शेंगा घेऊन फोडत बसायची. अशा तीन संध्याकाळी लेकीने ती सहल सांगितली. फोनमधले फोटोही दाखवले, पण फोटोपेक्षा तिचे सांगणेच माझ्या ध्यानात राहिले.

कॅनडाच्या पश्चिमेला रॉकी नावाचा मोठा पर्वत आहे. त्यात जास्पर आणि बान्फ ही दोन राष्ट्रीय उद्याने एकमेकांना लागून आहेत. बान्फ १८८५ सालचे, त्या देशातले पहिले. जास्पर १९०७ सालचे. तिथे फूल तोडायचे नाही, दगडसुद्धा उचलून घरी आणायचा नाही, असा नियम आहे. जास्पर गावापासून लेक लुईस या ठिकाणापर्यंत डोंगराच्या कुशीतून एक रस्ता जातो, २३२ किलोमीटरचा. आकडा ऐकून मी सावरून बसलो. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. म्हणजे वाट जवळजवळ आपल्या वारीएवढीच.

हा रस्ता १९३१ साली करायला घेतला आणि १९४० साली खुला झाला. जगभर मंदी होती, माणसांना काम नव्हते, म्हणून सरकारने शेकडो बेकारांना या कामावर लावले. घोडे आणि हात यांच्या बळावर बराच रस्ता झाला. हे ऐकताना मला १९७२ चा दुष्काळ आठवला. तेव्हा मी तरुण होतो. आमच्या भागातले कितीतरी रस्ते पोटासाठी खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी केलेले आहेत. रस्त्यावरून जाणारा पुढे बघतो, रस्ता कोणाच्या हातचा हे बघत नाही. तिथेही तसे आणि इथेही तसेच.

दोघे ४ जुलैला जास्परहून निघाली. सायकलींना दोन्ही बाजूंनी, बैलाच्या पाठीवर गोणी टाकतात तशा पिशव्या. त्यात तंबू, अंथरूण, शिधा, चूल, गरम कपडे. पहिल्या दिवशी कितीतरी वेळ वाट जळालेल्या रानातून गेली. आदल्या वर्षी, २०२४ च्या जुलैत, तिथे मोठा वणवा लागला होता. जास्पर गावातली सुमारे एक तृतीयांश घरेदारे त्यात गेली. सरळसोट काळी खोडे, खाली राख, आणि त्या राखेतून वर आलेले हिरवे गवत. तिथे लॉजपोल पाइन नावाचे झाड आहे. त्याच्या पुष्कळ फळांची तोंडे डिंकाने घट्ट मिटलेली असतात. वर्षानुवर्षे तशीच झाडावर राहतात. वणव्याची धग लागली की डिंक वितळतो, फळ उकलते आणि बी राखेत पडते.

"म्हणजे आग लागल्याशिवाय बी सुटतच नाही?" आमच्या मंडळींनी विचारले.

"हो आई, पुष्कळांचं तसंच असतं."

माझ्या मनात लगेच दृष्टान्त तयार झाला. जुनी खोड. चांगला आहे, कोणातरी तरुण महाराजांना सांगावा, असेही मनात आले. तो दृष्टान्त माझ्यासाठीच आला होता, हे तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी चढ लागला. जास्पर गाव समुद्रसपाटीपासून साधारण हजार साठ मीटरवर आणि पुढची सनवाप्टा खिंड २०३५ मीटरवर. त्यातला खिंडीच्या अलीकडचा चढ अगदी छातीवर येणारा. आपल्याकडे दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. इथे जादा बैल कोण देणार? जावईबापू अंगाने दणकट, ते पुढे निघून जायचे. वर कुठेतरी सपाटी बघून थांबायचे, पाणी प्यायचे, डोंगर न्याहाळायचे, फोटो काढायचे. लेक मागून येई. ती पोचली की ते म्हणत, "आलीस? छान. चल आता." आणि सायकलीवर बसत.

आदल्या दिवशीही असेच झाले होते. या चढावर चौथ्यांदा असे झाले, तेव्हा लेकीने सायकल रस्त्याकडेला आडवी टाकली आणि खाली बसली. त्यांच्यात अरेतुरे चालते. ती म्हणाली, "तू थांबतोस ते माझ्यासाठी नाही. तू थांबतोस तेव्हा तुझा विसावा होतो. मी पोचते तेव्हा तू निघतोस. मग माझा विसावा कधी?"

जावईबापू शेजारीच बसले होते. ते हसून म्हणाले, "अण्णा, मला खरंच वाटत होतं की मी तिची वाट बघतोय. केवढा चांगला नवरा, असं मनात म्हणतही होतो."

लेक सांगत होती, की त्यानंतर त्यांनी रीत बदलली. जो हळू चालतो तो पुढे. ज्याच्या अंगात जोर आहे तो मागे. पुढचा थांबला की दोघे थांबणार, आणि पुढच्याचा श्वास खाली बसला की मगच निघायचे. जड पिशव्याही जावईबापूंनी आपल्या सायकलीला घेतल्या. संध्याकाळी हिमनदीजवळच्या तळावर पोचायला उशीर झाला, पण त्या दिवसांत तिकडे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. दोघे एकदमच पोचली.

यावर आमची मंडळी शेंगा फोडता फोडता हसली आणि सुपाकडे बघतच म्हणाली, "आम्ही तरी जन्मभर दुसरं काय केलं?"

लेकही हसली. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य पुन्हा कानात वाजले, आणि झोप लागेना.

दुसऱ्या संध्याकाळी तिने एकादशीचा दिवस सांगितला. त्या दिवशी सायकली तळावर ठेवून दोघे विलकॉक्स नावाच्या खिंडीकडे पायी चढली. उपवास होता. जवळ खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू. तिकडच्या रानात अस्वले फार. खाण्याच्या वस्तू रात्री तंबूत ठेवता येत नाहीत, तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवून बंद कराव्या लागतात. खाण्याच्याच नव्हे, ज्याला म्हणून वास आहे ते सगळे, साबण आणि दातांची पेस्टसुद्धा. लेकीने देवाचे अष्टगंध आणि बुक्क्याची डबी बरोबर नेली होती. तीही रोज रात्री त्या पेटीत. "अण्णा, अस्वलाला बुक्का लावायची वेळ येऊ नये म्हणून," ती म्हणाली.

अस्वलाच्या रानातून चालायची तिथली एक रीत ऐकून मला मोठी गंमत वाटली. माणूस गुपचूप आला की अस्वल दचकते, आणि दचकलेले अस्वल वाईट. म्हणून मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत, गात चालावे, असे उद्यानाचे लोकच सांगतात. ओढ्याच्या खळखळाटात आणि वळणावर तर जास्तच. पाठीच्या पिशवीला घुंगरू बांधून भागत नाही, माणसाचा आवाज पाहिजे. पहिल्या दिवशी दोघे सिनेमाची गाणी म्हणत होती. ती संपली. एकादशीच्या दिवशी लेकीला आठवले, की लहानपणापासून पाठ असलेले आणि टाळ्यांवरच म्हणायचे असे आपल्याजवळ काहीतरी आहे. तिने हरिपाठ सुरू केला. जावईबापूंना सगळा येत नाही, ते टाळी धरत आणि मागे नाम घेत. वाटेत बसलेल्या डोंगरी मेंढ्या, वळलेल्या जाड शिंगांच्या, मान वर करून बघत राहिल्या.

ज्ञानोबाराय भावंडांसह ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले असताना वाघ आडवा आला, धावपळीत निवृत्तिनाथ वेगळे पडले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, ही कथा आपल्या संप्रदायाला ठाऊकच आहे. ती आठवून मी लेकीला विचारले, "मग, भेटलं का तुमचं श्वापद?"

"एकादशीला नाही. पुढे रस्त्यावर भेटलं." रस्त्याच्या कडेला एक काळे अस्वल चरत होते. त्याच्यापासून शंभर मीटर लांब राहावे असा नियम आहे, पण रस्ता तर तेवढा एकच. दोघे थांबून राहिली. मागून एक मोटारगाडी आली. चालवणाऱ्या बाईने काच खाली करून खूण केली, की तुम्ही माझ्या पलीकडच्या बाजूला या. आणि अस्वल व या दोघांच्या मध्ये आपली गाडी ठेवून ती सायकलीच्या गतीने, अस्वल मागे पडेपर्यंत चालत राहिली. मग हात हलवून निघून गेली. नाव नाही, गाव नाही. आमच्या मंडळींनी दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

विलकॉक्सच्या वाटेने वर गेल्यावर समोर अथाबास्का हिमनदी दिसते. सुमारे सहा किलोमीटर लांबीची. नदी म्हटली तरी ती बर्फाची. आपल्या भाराने ती इंच इंच सरकते, आणि खालचा खडक तिच्याखाली जात्यात दळल्यासारखा पीठ होतो. ते पीठ पाण्यात उतरते, म्हणून तिकडची तळी निळीहिरवी दिसतात. ही हिमनदी ज्या मोठ्या हिमक्षेत्रातून उतरते त्याचे पाणी तीन महासागरांना जाते. एका बाजूचे उत्तरेच्या आर्क्टिकला, एका बाजूचे हडसनच्या उपसागरातून अटलांटिकला, आणि एका बाजूचे पॅसिफिकला. एकाच डोंगरमाथ्यावरचा बर्फ, वाटा तीन. आपली भीमाही भीमाशंकराला उगवते. पश्चिमेचा समुद्र तिथून किती जवळ, पण ती पाठ फिरवून पूर्वेला जाते, म्हणून तर वाटेत तिला पंढरी भेटते.

ती हिमनदी आता मागे मागे चालली आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरपेक्षा जास्त आटली. कोणत्या साली तिचे टोक कुठवर होते याचे फलक वाटेवर लावले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तिकडेही जाऊन आली. आपल्या जन्मसालाच्या सुमाराच्या फलकापाशी लेक उभी राहिली. तिथून बर्फ पुढे बराच लांब होता. ती म्हणाली, "मी जन्मले तेव्हा इथं बर्फ होता. आता नुसता दगडगोटा. मला एकदम आईची आठवण आली."

"माझी का गं?" आमच्या मंडळींनी विचारले.

लेक म्हणाली, "काय माहीत. हळूहळू काहीतरी संपत असतं आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही, तसं वाटलं."

ओसरीवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

तिसऱ्या संध्याकाळचे सांगणे थोडे आहे. पुढे बो नावाच्या खिंडीचा आणखी एक मोठा चढ चढून सहाव्या दिवशी दोघे लेक लुईसला पोचली. आता सायकलीची वाट संपली होती. एक दिवस हाताशी होता म्हणून तिथून जवळच्या मोरेन तळ्याकडे गेली. तिथे २०२३ पासून लोकांच्या खासगी मोटारी बंद केल्या आहेत, बस किंवा सायकल. तळ्यापासून लार्च नावाच्या झाडांच्या दरीत पायवाट चढते. अस्वलांच्या वावराच्या दिवसांत या वाटेवर, उद्यानाने तसे जाहीर केले असेल तेव्हा, चारांपेक्षा कमी माणसांना सोडतच नाहीत. चौघे, तेही घोळक्याने, पांगायचे नाही.

"दिंडीच की," मी म्हटले.

ही दोघेच होती. वाटेच्या तोंडाशी आणखी कोणी येते का बघत थांबली. एक म्हातारे जोडपे आले, सत्तरीच्या पुढचे, आमच्याच वयाचे. दोघांच्या हातात काठ्या. चौघांची दिंडी झाली. म्हातारी पुढे, तिच्या मागे म्हातारा, त्यांच्या मागे ही दोघे. म्हातारी सावकाश चाले, दर वळणावर उभी राही. म्हातारा ताठ होता, त्याला ती गती कमीच वाटत असणार. लेकीने त्याला विचारले, तुम्ही पुढे का जात नाही? तो म्हणाला, "पुढे गेलो तर ती मला दिसत नाही."

लेकीने हे हसत सांगितले. या वेळी आमची मंडळी हसली नाही. सूप उचलून आत गेली.

त्या रात्री मी हिशेब मांडला. कीर्तनकाराला हिशेब फारसा येत नाही, पण हा आला. चातुर्मास, सप्ताह, पुण्यतिथ्या, काल्याची कीर्तने धरून वर्षातले दोनशे दिवस तरी मी बाहेर. घरी यायचो ते घसा धरलेला, पाय सुजलेले. आलो की ती पाणी तापवायची, काढा द्यायची, धोतरे धुवायची. दोन दिवस माझा विसावा व्हायचा आणि तिसऱ्या दिवशी मी पिशवी उचलायचो. ती घर, दोन लेकरे, गुरे, आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली माझी आई, असा चढ चढून माझ्या येण्यापर्यंत पोचायची, तेव्हा मी निघायचो. मला वाटायचे, मी घरी येतो म्हणजे तिला आधार होतो. जावईबापूंना वाटत होते तसेच.

१९८६ साली ती वारीला यायची ठरली होती. शेजारणीच्या हवाली घर करून, जुन्या लुगड्याची पिशवी तिने स्वतः शिवली होती. प्रस्थानाच्या आधी आठ दिवस आईचे दुखणे वाढले. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी तू." मी गेलो. पुढच्या वर्षीही मीच गेलो. आई गेल्यावर लेकरांच्या परीक्षा, मग लग्ने, मग बाळंतपणे. मी जन्मभर वारी केली आणि ती एसटीने दोनदा पंढरपूरला जाऊन आली. ती पिशवी अजून माळ्यावर आहे. तीत बियाण्याची बाजरी असते.

आणि याहून मोठे ओझे कीर्तनातलेच आहे. तुकोबारायांच्या संसाराचे आख्यान मी पुष्कळ वेळा केले. जिजाई, जिला आपण आवली म्हणतो, ती माझ्या कीर्तनात हमखास हशा आणायची. आवाज चढवून, हात ओवाळून मी तिचे बोल असे काही म्हणायचो की मंडप हलायचा. पुढे बसलेल्या बायाही पदर तोंडाला लावून हसायच्या. तुकोबाराय डोंगरावर चिंतनात, आणि ही भाकरी बांधून उन्हात त्यांना शोधत भंडाऱ्याची वाट चढते. पायात काटा मोडतो. ज्या देवावर तिचा राग तोच देव येऊन काटा काढतो. मी काट्यावरून भरकन पुढे जायचो, देव प्रकटायची घाई असायची. एकदा आमची मंडळी कीर्तनाला होती. घरी आल्यावर म्हणाली, "कीर्तन चांगलं झालं. पण तिला काटा लागला तिथं तुम्ही फार लवकर पुढं गेलात." मी म्हटले होते, तुला कीर्तनाचे अंग कळत नाही.

पंचेचाळीस वर्षांत मला हे दिसले नाही, की डोंगर दोघांनी चढला आहे. ते चढले नामासाठी, ती चढली भाकरी घेऊन. आणि देव आला तो तिच्या पायाशी बसला. कथेतच हे होते. मीच कथेच्या पुढे निघून गेलो होतो.

आपला पांडुरंग पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला. आपण म्हणतो, देव वाट पाहतो. पण त्या रात्री मला त्याच्या वाट पाहण्याचा अर्थ वेगळा लागला. पुढे जाऊन थांबणारे पुष्कळ असतात, मीही तसाच थांबायचो. मागचा पोचला की आपण निघतो. हा निघत नाही. तुम्ही दमून आलात, पायरीवर डोके ठेवले, तरी तो उभाच. तुमचा श्वास खाली बसेपर्यंत, आणि त्याच्या पुढेही. म्हणून पंढरीत विसावा आहे.

सकाळी मी तिला विचारले, "तुला माझा कधी राग आला नाही?"

ती चहा गाळत होती. म्हणाली, "आला की. पण तुम्ही घरी असायचा दोन दिवस. ते दोन दिवस रागात घालवायचे होय?"

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणी म्हणेल म्हातारा परदेशातल्या सहलीला वारी म्हणू लागला. तसे नाही. सहल ती सहल आणि वारी ती वारी. वारीला नेम आहे, वारीला माळ आहे, आणि पुढे तो उभा आहे. लेकीला मी हे म्हटले तेव्हा तीही म्हणाली, "अण्णा, आम्ही कुठं म्हणतो वारी केली? आम्ही नुसते चाललो." पण नुसते चालतानाही त्या दोघांना दुसऱ्या दिवशी जे समजले, ते मला नेमाच्या चालण्यात समजले नव्हते. दोष वारीचा नाही. वारीत रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे किती, पण रथ थांबला की सगळे थांबतात. विसावा सगळ्यांचा एकच. माझ्या घरात मात्र मी माझा विसावा वेगळा ठेवला होता. ती परत जायच्या आदल्या दिवशी मी लेकीला म्हणालो, "आषाढात फोनवर चुकलं माझं." ती म्हणाली, "मी विसरलेसुद्धा." पण ती विसरली नव्हती, हे तिच्या डोळ्यांत दिसले.

माघात, दशमीची भंडाऱ्यावरची गर्दी ओसरल्यावर, मी आणि आमची मंडळी तिकडे गेलो. गाडी वरपर्यंत जाते. ती म्हणाली, थोडे तरी पायी चढू. शेवटच्या वळणाच्या खाली उतरलो. ती पुढे, मी मागे. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा होता. पन्नास पावलांवर ती थांबायची, मीही थांबायचो. मागून तिची पाठ मी इतका वेळ कधी बघितली नव्हती. एका खांद्याने वाकली आहे. केव्हा वाकली?

एका झाडाखाली दगडावर बसलो. खाली इंद्रायणीचे खोरे दिसत होते. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "आवलीला काटा इथंच कुठंतरी लागला असेल, नाही?"

मी म्हटले, "असेल."

थोड्या वेळाने जुन्या सवयीने मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो. ती म्हणाली, "बसा. माझं अजून झालं नाही."

मी बसलो.

यंदा आषाढात वाखरीपासून पंढरपूरपर्यंतची शेवटची वाट दोघांनी चालायची असे ठरवले आहे. थोडकीच वाट, पण आम्हाला दिवस पुरेल की नाही सांगवत नाही. माळ्यावरची पिशवी काढून, बाजरी ओतून, तिने धुवून वाळत घातली आहे. पुढे ती चालेल. बाकी माउलींची इच्छा.

रामकृष्णहरी.